आधी झोपेचं विचार

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग वाईट वाटलं. तीन आठवड्यांची बाळंतीण तुझ्यासमोर बसून म्हणाली, ‘बाळाकडे बघून मला काहीच होत नाही.’ आणि तू तिला काय सांगितलंस? बाळाच्या डोळ्यांत बघून बोला, उघड्या अंगाने छातीशी धरा, गाणं म्हणा. ती मान डोलावून निघून गेली. आता तू मला विचारतेस की आई-बाळाचं नातं बिघडायच्या आत तिला आणखी काय काय शिकवता येईल.

काहीही शिकवू नकोस. बाळ झोपलेलं असताना ती झोपू शकते का? तुझ्या एवढ्या लांबलचक पत्रात हे कुठेच नाही.

प्रेमाबद्दल विचारलंस की बाई खोटं बोलते. बोलावंच लागतं तिला. ‘नाही, प्रेम वाटत नाही’ असं तोंडाने म्हणायला किती धैर्य लागतं, याचा विचार कर. तुझ्या बाईने ते दाखवलं आणि बदल्यात तिला गृहपाठ मिळाला. झोपेबद्दल विचारलंस तर ती खरं बोलते, कारण झोप न येण्यात कसली लाज नाही. तिथूनच पुढचं सगळं उलगडतं. म्हणून आधी झोपेचं विचार.

आणि नीट विचार. ‘झोप होते का?’ असं मोघम विचारलंस तर ‘बाळ झोपू देत नाही’ हेच उत्तर येणार, आणि त्यातून तुला काहीच कळणार नाही. असं विचार: ‘बाळ शांत झोपलंय, दुसरं कोणीतरी त्याच्यापाशी आहे, तेव्हा तुमचा डोळा लागतो का?’ डोकं टेकताच लागतो म्हणाली, तर ती मुख्यतः थकलेली आहे; तिला झोप मिळवून दे आणि पुन्हा भेट. छताकडे बघत टक्क जागी असते, पहाटे दचकून उठते, श्वास चालू आहे का म्हणून बाळाला पुन्हापुन्हा हात लावून बघते, असं म्हणाली तर नैराश्य किंवा चिंतेच्या आजाराच्या दिशेने विचार सुरू कर. आणि ‘झोप येत नाही, पण तिची गरजही वाटत नाही, डोकं भराभर चालतंय, सगळं स्पष्ट दिसायला लागलंय’ असं काही ऐकलंस, तर त्याच दिवशी, त्याच तासाला मानसोपचारतज्ज्ञ. बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा आजार, हजारात एक-दोन जणींना होतो आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो. तिथे बाळाला आणि तिला एकटं सोडायचं नाही. एका साध्या प्रश्नाने हे तीन रस्ते वेगळे होतात.

बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपण्याची एडिनबरा प्रश्नावली तुझ्या हाताशी आहेच. कॉक्स, होल्डन आणि सागोव्स्की यांनी ती १९८७ साली मांडली. दहा प्रश्न, मागच्या सात दिवसांबद्दलचे. तू एकूण गुण लिहून पाठवलेस, पण सातव्या प्रश्नाचं उत्तर काय होतं? मनाच्या दुःखाने झोप लागत नाही का, हे तो विचारतो. बाळाच्या रडण्याबद्दल तो प्रश्न नाहीच. दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. बेरीज कितीही कमी येवो, दहाव्याचं उत्तर शून्य नसेल तर तिथेच थांबून बोलायचं. बेरजेच्या मागे लपू नकोस.

तुझी भीती कुठून आली ते मला कळतं. १९७० च्या दशकात क्लाउस आणि केनेल या बालरोगतज्ज्ञांनी जन्मानंतरचे पहिले तास नात्यासाठी फार मोलाचे असतात असं मांडलं. त्यामुळे रुग्णालयांचे दरवाजे उघडले, बाळं आईपाशी राहू लागली, हे मोठंच काम झालं. पण त्यातून ‘ती वेळ हुकली की सगळं हुकलं’ अशी जी धास्ती पसरली, ती पुढच्या संशोधनात टिकली नाही. उलट, रॉबसन आणि कुमार या संशोधकांनी १९८० साली लिहून ठेवलंय की पहिल्यांदा आई झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जणींना बाळ प्रथम हातात घेतलं तेव्हाची मुख्य भावना अलिप्ततेची आठवत होती. चाळीस टक्के! बहुतेकींना माया पुढच्या काही दिवसांत वाटू लागली. हा आकडा प्रत्येक बाळंतिणीला घरी जाण्याआधी सांगावा असं माझं मत आहे, आणि ते बदलणार नाही.

मानसशास्त्रज्ञ ट्रॉनिक यांच्या त्या निश्चल चेहऱ्याच्या प्रयोगाचा दाखला तू दिलास. आई दोन मिनिटं चेहरा थिजवते; बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, मग तोंड फिरवतं, कोसळतं. तुला ते कोसळणं आठवलं. त्यानंतर आई पुन्हा बोलू लागते आणि दोघं कसेबसे एकमेकांकडे परततात, ते का नाही आठवलं? सगळं नीट चाललेल्या आई-बाळांचाही सूर फार तर ३० टक्क्यांच्या आसपास वेळ जुळलेला असतो, हे ट्रॉनिकच सांगतात. बाकीचा वेळ चुकणं आणि सावरणं. सावरायला मात्र आईच्या अंगात त्राण लागतं. ते झोपेतून येतं, आजार असेल तर उपचारातून येतं. गाणं म्हणायच्या सल्ल्यातून येत नाही.

मी जिथे काम केलं तिथे केसपेपरवर बाळाच्या वजनाला रकाना होता, शी-शूला होता, दुधाला होता. आईच्या झोपेला नव्हता. मी पेन्सिलीने समासात रेघ मारून तो आखायचे आणि रोज सकाळी तास भरायचे. वरिष्ठ चिडायचे, कागद खराब होतो म्हणायचे, राउंड लांबतो म्हणायचे. लांबायचाच. पण त्याच रेघेवर सलग रात्री ‘एक तास’, ‘शून्य’ असं दिसलं म्हणून कितीतरी जणी वेळेत सापडल्या, एरवी त्या हसऱ्या चेहऱ्याने घरी गेल्या असत्या. मला हट्टी म्हणाले. या बाबतीत मी हट्टीच आहे, आणि तूही हो.

हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आईला दाखल करायचं तर बाळ घरी पाठवायचं, असा आमच्याकडे नियम होता. लंडनच्या कॅसल रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ टॉम मेन यांनी १९४८ सालीच आईसोबत मुलालाही दाखल करून घेतलं होतं. मी अर्ज केले, भांडले, एक खोली मागितली. निवृत्त झाले तेव्हाही ती मिळाली नव्हती. औषधाने सावरलेली आई घरी जायची आणि बाळ दुसऱ्याच कोणाच्या तरी कुशीत शांत व्हायचं. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय यायचं, ते मी जवळून पाहिलंय. नात्याची मला पर्वा नाही असं तुला वाटत असेल, तर ते मनातून काढून टाक. नात्यासाठीच मी झोप झोप करत आले.

आता मंगळवारचं बोलू. तुझी ती बाळंतीण येईल तेव्हा खुर्ची जवळ ओढ, बाळ दुसऱ्या कोणाकडे दे आणि मी सांगितला तसाच प्रश्न विचार. ती गप्प राहिली तर तूही गप्प राहा. बाळ हातातून पडेल, आपणच त्याला काही करू, असे विचार येतात का हेही विचार. असे विचार पुष्कळ आयांना येतात, आणि ते येतात म्हणून ती सुऱ्या लपवत असेल, जिन्यापाशी जात नसेल, तर ती त्या विचारांना घाबरलेली आहे. त्या भीतीवर उपचार आहेत, हे तिला सांग. पण बाळ बदललंय, बाळात वाईट काही शिरलंय, कोणी हुकूम देतंय असं म्हणाली, तर मघाचा तिसरा रस्ता.

नवऱ्याला बोलाव. त्यालाही हाच प्रश्न विचार, कारण बापांनाही नैराश्य येतं आणि त्यांना कोणी विचारत नाही. मग दोघांसोबत कागदावर रात्र आखा: कोण कधी जागणार, एक पाजणं काढलेल्या दुधावर कोण सांभाळणार, तिला सलग चार-पाच तास कसे मिळणार. औषध लागलं तर दूध बंद करावं लागेल म्हणून ती नकार देईल. स्तनपान चालू ठेवून घेता येणारी औषधं आहेत, नैराश्यावरचं सरट्रालिन त्यातलंच एक, हे डॉक्टरांकडून तिच्यासमोर बोलून घे. थायरॉइड तपासायला सांग.

प्रेमाबद्दल एक अक्षर काढू नकोस. तिने स्वतःहून काढलं तर ऐक. आणि मला संध्याकाळी फोन करून आधी तिची झोप किती झाली ते सांग, मग बाकीचं.

तुझी,
मॅडम