जुन्या टोयोटा एस्टिमाचं इंजिन पुढच्या सीटखाली का होतं?

तुम्ही विचारलंय की पहिल्या टोयोटा एस्टिमा या मिनीव्हॅनचं इंजिन सीटखाली का ठेवलं होतं, आणि तेवढंच चांगलं होतं तर दुसऱ्या पिढीत ते पुढे का नेलं. ऑकलंडला आमच्याकडे जपानहून आलेली वापरलेली एस्टिमा सात वर्षं होती, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे.

आपली मारुती व्हॅन डोळ्यासमोर आणा. तिचंही इंजिन पुढच्या सीटखालीच. पण तिथे ड्रायव्हर पुढच्या चाकांवर बसतो, खड्ड्याचा पहिला दणका त्यालाच. टोयोटाच्या टाउनएससारख्या व्हॅनची बसण्याची तऱ्हा अशीच होती, आणि त्याच व्हॅन माल वाहायलाही वापरत. १९९० साली आलेल्या एस्टिमात पुढची चाकं ड्रायव्हरच्याही पुढे सरकवली, आणि २.४ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे, ७५ अंशांत कलतं करून जवळजवळ आडवं निजवलं. उभं ठेवलं असतं तर गाडीत मधोमध भलंमोठं खोकं आलं असतं. निजवल्यामुळे वर सपाट फ्लोअर मिळाला. माझी आई चालत्या गाडीत पुढून उठून मागच्या रांगेतल्या नातवंडांजवळ जाऊन बसायची (हे करू नये, हे मी तिला दर वेळी सांगायचो). मधोमध वजन असल्यामुळे गाडी वळणावरही घट्ट वाटायची.

अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगचा पंप ही मंडळी मात्र इंजिनाजवळ मावत नव्हती. ती गाडीच्या नाकात बसवली, आणि इंजिनापासून तिथपर्यंत एक लांब शाफ्ट नेऊन फिरवली. माझ्या मते सगळ्या गाडीतली सर्वांत सुंदर युक्ती हीच.

पुढे उंच इंजिन नसल्यामुळेच टोयोटाच्या कॅलिफोर्नियातल्या कॅल्टी स्टुडिओला तो आकार काढता आला: नाकापासून छतापर्यंत एकच वळण. जपानमधल्या जाहिरातीत तिला ‘अलौकिक बुद्धीचं अंडं’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं, आणि ते शोभतं. सरकता दरवाजा एकाच बाजूला, फुटपाथच्या बाजूला होता.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. ज्या जागेने ही गाडी घडवली, तीच जागा पुढे अपुरी पडली. अमेरिकेत ती प्रीव्हिया नावाने विकली जायची. तिथे क्रायस्लरच्या मिनीव्हॅनमध्ये व्ही-सिक्स, म्हणजे सहा सिलिंडरचं मोठं इंजिन, मिळत होतं, आणि सीटखालच्या त्या खोबणीत व्ही-सिक्स बसणं शक्य नव्हतं. म्हणून टोयोटाने सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप, लावून ताकद वाढवली. शिवाय इंजिनाच्या दुरुस्तीसाठी सीट आणि कार्पेट उचलावं लागायचं. शेवटी अमेरिकेत १९९७ मध्ये तिच्या जागी पुढे इंजिन असलेली सिएना आणली.

जपानमध्ये अडचण निराळी होती. १८०० मिलिमीटर रुंदीची गाडी तिथल्या अरुंद गल्ल्यांत जड जायची, आणि १७०० मिलिमीटरच्या वर गेलं की गाडी मोठ्या वर्गात मोडायची. म्हणून १९९२ मध्ये १६९० मिलिमीटर रुंदीच्या एमिना आणि ल्युसिडा या धाकट्या बहिणी आल्या. त्या डिझेलमध्येही मिळायच्या. इंजिन तिथेही सीटखालीच.

२००० सालच्या दुसऱ्या एस्टिमात इंजिन पुढे आलं, तेही निजवलेलं नव्हे, तर गाडीच्या रुंदीत आडवं बसवलेलं, आणि पुढची चाकं फिरवणारं. त्यामुळे तीन लिटरचं व्ही-सिक्स देता आलं, आणि दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे आले. काही लोक ही माघार म्हणतात, मला ते पटत नाही. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, याच गाडीची हायब्रिड आवृत्ती आली. ती जगातली पहिली हायब्रिड मिनीव्हॅन. मागची चाकं वेगळ्या विजेच्या मोटरने फिरायची, आणि आतल्या सॉकेटवर १५०० वॅटपर्यंतची घरगुती उपकरणं चालायची. एस्टिमाचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण ऑकलंडच्या रस्त्यांवर दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या गाड्या मला अजून दिसतात. पहिल्या पिढीचं अंडं दिसलं, की मी थांबून बघतोच.