पेपर आधी, नोट्स नंतर: माध्यम अभ्यासाची प्रश्नोत्तरे

परीक्षा जवळ आली की बेळगाव भागातले पत्रकारितेचे विद्यार्थी तेच ते प्रश्न विचारतात. पत्र खानापूरहून येवो, निपाणीहून की शहापूर-वडगावहून, गोंधळ एकच. म्हणून या वेळी उत्तरे एकत्र देतो. नावे काढली आहेत.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. बी.ए.चा पत्रकारितेचा पेपर मराठीत लिहिला तरी चालतो असं सीनियर म्हणतात. खरं काय?

उत्तर : सीनियरला विचारू नका. परीक्षा विभागाचे परिपत्रक पाहा आणि विभागप्रमुखांना भेटा. उत्तर लेखी घ्या, तेही याच आठवड्यात.

प्रश्न : नेटला चुकीच्या उत्तराचे गुण कापतात का?

उत्तर : नाही. यूजीसीच्या या प्राध्यापक-पात्रता परीक्षेत दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास. के-सेट, म्हणजे कर्नाटकाची राज्य पात्रता परीक्षा, देणार असाल तर त्या वर्षीची अधिसूचना स्वतः वाचा.

प्रश्न : बातमीमूल्यांची यादी पाठ करतोय. पुस्तकात बारा आहेत, यूट्यूबवर दहा, क्लासच्या नोट्समध्ये आठ. कोणती धरू?

उत्तर : बातमीमूल्ये म्हणजे एखादी घटना बातमी का ठरते याचे निकष. बारांची यादी गाल्टुंग आणि रूगे या संशोधकांची, १९६५ ची. काँगो, क्यूबा आणि सायप्रसमधल्या पेचप्रसंगांच्या बातम्या नॉर्वेच्या वृत्तपत्रांत कशा आल्या, यावर त्यांनी ती ताडून पाहिली. दहांची हार्कप आणि ओनील यांची, २००१ ची. त्यांनी ब्रिटिश वृत्तपत्रे तपासली आणि सेलिब्रिटी, मनोरंजन, खुद्द वृत्तपत्राचा अजेंडा या गोष्टी यादीत आणल्या. आठांची कुठून आली ते क्लासला विचारा.

यादी नुसती उतरवून काढू नका. बेळगावला पाणी देणारा राकसकोप जलाशय भरून वाहू लागला की बेळगावच्या पेपरात ते पान एकवर येते आणि बंगळूरच्या आवृत्तीत शोधूनही सापडत नाही. हे का होते, ते दोन वाक्यांत सांगता आले की 'जवळीक' हे मूल्य तुम्हाला कळले.

प्रश्न : सर, सीमाप्रश्नाची बातमी उदाहरण म्हणून घ्यावी की नको? काका म्हणतात, तपासणारा कन्नड असला की मार्क कापतो आणि मराठी असला की वाढवून देतो.

उत्तर : हे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे, गुणपत्रिका मात्र अजून एकानेही दाखवलेली नाही. काकांनाही विचारा, त्यांनी पाहिली आहे का.

गुण जातात ते वेगळ्या कारणाने. प्रश्न असतो बातमीच्या मांडणीवर आणि विद्यार्थी भाषण लिहितो. १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, सर्वोच्च न्यायालयातला २००४ चा दावा आणि शेवटी घोषणा. त्यात मथळ्याचा उल्लेख नाही, फोटोचा नाही, की कोण बोलले त्याचा नाही. मराठी मुले हे करतात, कन्नड मुलेही तेच करतात. दोघांचेही गुण सारखेच जातात.

तेव्हा उदाहरण जरूर घ्या. पुण्याच्या किंवा म्हैसूरच्या विद्यार्थ्याला एकच घटना एकाच सकाळी दोन भाषांत, दोन बाजूंनी छापलेली मिळत नाही. तुम्हाला ती कोपऱ्यावरच्या पेपर स्टॉलवर मिळते आणि तुम्ही मोबाईलवर मथळा बघून पुढे जाता, याचा मला खरोखर संताप येतो. १ नोव्हेंबर घ्या. त्या दिवशी बेळगावात कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिन पाळून फेरी काढते. दुसऱ्या दिवशीचे 'तरुण भारत' आणि 'पुढारी' घ्या, त्यांच्याशेजारी 'प्रजावाणी' किंवा 'विजय कर्नाटक' ठेवा. कन्नड वाचता येत नसेल तर मैत्रिणीला शेजारी बसवा. बेळगावात तेवढी मैत्रीण मिळते.

आता मत बाजूला ठेवून पट्टी हातात घ्या. कोणती घटना पान एकवर आहे आणि कोणती आत? किती कॉलम? फोटो नेत्याचा की गर्दीचा? गर्दी खूप दिसेल असा काढलाय की थोडी दिसेल असा? पहिल्या परिच्छेदात कोण बोलतो, पोलीस, मंत्री की समितीचा पदाधिकारी? समोरच्या बाजूला किती ओळी मिळाल्या आणि त्या कितव्या परिच्छेदात? शेवटी, काय छापलेच नाही? हा प्रश्न एकच पेपर वाचणाऱ्याला सुचूच शकत नाही, म्हणून मी दोन पेपरांचा हट्ट धरतो.

टीव्हीचे वेगळे टिपण करा. डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकवर दगडफेक झाली आणि पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळे फासले गेले. अशा वेळी काही सेकंदांचे तेच दृश्य दिवसभर फिरवतात, खाली पट्टी, वर संगीत. मुंबईचे नातेवाईक फोन करून विचारतात, "गाव पेटलंय काय?" आणि इथे भाजी मार्केट चालू असते. त्या आठवड्याचे अंक ग्रंथालयातून काढून घ्या. कोणत्या पेपराने यातली कोणती घटना आधी सांगितली आणि दुसरी कितव्या परिच्छेदात नेली, ते पाहा. यावर एक पान लिहिलेत तर क्लासच्या चाळीस पानांची गरज नाही.

आपल्या घरी येणाऱ्या पेपरला सूट देऊ नका. 'तरुण भारत' बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये बेळगावात सुरू केले. त्याचा वाचक कोण आणि जाहिरातदार कोण, याचा मांडणीशी संबंध आहे, जसा तो बंगळूरहून निघणाऱ्या पत्रांच्या बाबतीतही आहे. हे लिहिल्याने कुणाचा अपमान होत नाही. तरीही विषय नाजूक आहे. उदाहरण निवडलेत की परीक्षेपूर्वी एकदा तुमच्या शिक्षकांना दाखवा.

प्रश्न : आजीबरोबर रोज मालिका बघते. हाच अभ्यास म्हटलं की आई ओरडते. मालिकेवरच्या प्रश्नासाठी सगळे हजार भाग बघावे लागतात काय?

उत्तर : नाही. आणि आई निम्मी बरोबर आहे. जेवता जेवता बघितलेली मालिका हा अभ्यास नव्हे. एकाच मालिकेचा सलग एक आठवडा घ्या, वही घेऊन. जाहिरातीपूर्वी प्रसंग कुठे तोडला? कुणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीन-तीनदा गेला? अर्ध्या तासात गोष्ट प्रत्यक्ष किती पुढे सरकली? शनिवारी काय लोंबकळत ठेवले? दैनंदिन मालिका तोडण्याच्या जागांवर चालते. या जागा दाखवल्यात की कथनाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर झाले.

इथेही दोन भाषा कामी येतात. 'आई कुठे काय करते' ही मालिका बंगाली 'श्रीमोयी'वरून आली, आणि त्याच मालिकेवरून कन्नडमध्ये 'इंती निम्म आशा' आली. गोष्टीचा सांगाडा तोच. घर, सण, देवघर, नवऱ्याला हाक मारण्याची पद्धत, सासूचा रुबाब यांत काय बदलले ते शोधा.

आजीला मात्र कामाला लावा. माध्यम अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडले की प्रेक्षक संदेश जसाच्या तसा घेतो, तडजोड करून घेतो किंवा उलटाच वाचतो. याचे नामांकित उदाहरण दूरदर्शनच्या 'हम लोग'चे. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेली ही मालिका, लेखक मनोहर श्याम जोशी, कल्पना मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांच्या प्रबोधन-मालिकांवरून घेतलेली. तिच्यातली भागवंती ही आई, मुकाट सोसले की काय होते ते दाखवण्यासाठी लिहिली होती. पुष्कळ प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. आजीला विचारा, सोसणारी सून तिला शहाणी वाटते की बावळट, आणि तिचे शब्द जसेच्या तसे टिपा. उत्तरात वापरण्यापूर्वी तिची परवानगी घ्या आणि अशी घरची मुलाखत चालते का ते विभागात विचारून घ्या.

प्रश्न : टीआरपी जास्त म्हणजे मालिका दर्जेदार, असं लिहिलं तर चालेल?

उत्तर : नाही. निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून बार्क ही संस्था हा अंदाज काढते. कोणती वाहिनी किती वेळ लागली होती एवढेच त्यातून कळते, आवडली की नाही ते नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये गैरप्रकारांच्या तक्रारींनंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवावे लागले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. हेही लिहा.

प्रश्न : एका क्लासने 'हमखास प्रश्नां'ची पीडीएफ ७९९ रुपयांना दिली. त्यातली चार पानं सोबत पाठवतो. विश्वास ठेवू का?

उत्तर : पहिल्याच पानावर 'दर्पण'चे वर्ष १८२२ आहे. ते 'मुंबई समाचार'चे. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ चे. कर्नाटकात परीक्षा देणाऱ्यांसाठी नोट्स आहेत म्हणे, आणि १८४३ च्या 'मंगळूरु समाचार'चा, कन्नडमधल्या पहिल्या वृत्तपत्राचा, पत्ता नाही. उरलेली तीन पाने विश्वकोशावरून उचललेली दिसतात, स्वल्पविरामांसकट. हमखास प्रश्न कुणाला ठाऊक असते तर तो पीडीएफ विकत बसला नसता. गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका कॉलेजच्या ग्रंथालयात फुकट बघायला मिळतात. ग्रंथपालांना विचारा, आणि अभ्यासक्रम बदलला आहे का ते शिक्षकांकडून पक्के करा. पैसे परत मागा. मिळणार नाहीत, तरी मागा.

प्रश्न : परीक्षा आठ दिवसांवर आली. अजून एकही पेपर नीट वाचलेला नाही. काय करू सांगा की सर.

उत्तर : हे पत्र लिहिण्याऐवजी आजचे पान एक वाचले असते तर सुरुवात झाली असती. नवा सिद्धांत हाती घेऊ नका. हॉल, गाल्टुंग-रूगे आणि अजेंडा ठरवण्याबद्दलचे (लोकांनी कशावर विचार करायचा ते माध्यमे ठरवतात, असे सांगणारे) मॅककोम्ब्स-शॉ एवढे धरा. रोज दोन पेपर वाचा, घड्याळ लावून रोज एक उत्तर लिहा आणि तिसऱ्या दिवशी ती उत्तरे शिक्षकांकडून तपासून घ्या. हजेरी कमी पडत असेल तर मात्र हे सगळे सोडून आधी कॉलेजच्या ऑफिसात जा. हॉलतिकीट अडले की मग मला विचारून उपयोग नाही.