बोलत नसलेल्या चार वर्षांच्या मुलाची सोशल मॅच्युरिटी टेस्ट कशी घेतात? चित्रांवर बोट ठेवून सांगायचं ॲप दिलं तर बोलणं मागेच राहील का?

मुलाला फारसं विचारतच नाहीत, तुम्हाला विचारतात. मूल रोजच्या गोष्टी स्वतः किती करतं, हे पाहायला आपल्याकडे सर्रास वापरतात ती व्हाइनलँड चाचणी. तिचं भारतीय रूप नागपूरला ए. जे. मालिन यांनी केलं, त्यात 89 बाबी आहेत: स्वतःच्या हाताने जेवतो का, बटणं लावतो का, इतर मुलांत खेळतो का. खरं तेच सांगा. घरी तुम्हीच भरवत असाल तर 'जमतं हो त्याला' म्हणू नका. संवादाच्या भागात गुण कमी पडणारच, म्हणून एकूण आकडा पाहून हबकू नका. कुठल्या भागात किती, ते विचारून घ्या. आणि कानांची तपासणी झाली नसेल तर ती आधी.

ॲपची भीती सोडा. 2006 साली मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी बोलण्याला अशी पर्यायी साधनं दिल्यावर काय होतं, यावरचे आधीचे अभ्यास तपासले. त्यांतल्या भरवशाच्या अभ्यासांतल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडं वाढलंच. आयआयटी मुंबईचं 'जेलो' ॲप फुकट आहे, मराठीतही चालतं. फक्त ते खाऊ मागण्यापुरतं ठेवू नका. 'नको', 'थांब', 'दुखतंय' ही चित्रं पहिल्या दिवसापासून हवीत, आणि त्याच्याशी बोलताना तुम्हीही त्यांवर बोट ठेवा.