झोपेत झालेला खून आणि कलम २२

आपला प्रश्न असा आहे की, झोपेत चालणाऱ्या माणसाच्या हातून त्याच अवस्थेत खून झाला, तर हेतूच नसल्यामुळे तो सरळ सुटायला हवा. मग त्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ खाली, म्हणजे मनोविकारामुळे आपण काय करतो हे न कळणाऱ्याचे कृत्य गुन्हा न मानणाऱ्या कलमाखाली, मनोविकल का म्हणवून घ्यावे लागावे? मूट कोर्टच्या (कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या सराव खटल्याच्या) तयारीसाठी विचारला असला, तरी प्रश्न खरा आहे. गोव्यातील सत्र न्यायालयांत मी बरीच वर्षे आरोपींच्या बाजूने उभा राहत आलो. हा बचाव घेऊन आलेला पक्षकार मला भेटला नाही, पण झोपेत चालणारा माणूस मात्र मी घरातच पाहिला.

डिचोलीला आजोळी माझे मामा रात्री उठत, कडी काढून अंगणात उतरत आणि तुळशीवृंदावनापाशी उभे राहत. डोळे उघडे असत, पण त्यांत ओळख नसे. आजी त्यांना हाक मारत नसे, दंडाला धरून हळूच आत आणी. सकाळी चादरीवरची तांबडी माती आणि स्वतःचे पाय पाहून ते खरोखरच बुचकळ्यात पडत. एकदा मावसभावाने त्यांना वाटेत अडवून गदागदा हलवले, तेव्हा एरवी कुणाला मोठ्याने न बोलणाऱ्या या माणसाने त्याला असे ढकलले की, तो पायरीवर आपटला.

वैद्यकशास्त्र जे सांगते ते याच्याशी जुळते. निद्राभ्रमण, म्हणजे झोपेत चालणे, गाढ झोपेतून, बहुधा रात्रीच्या पहिल्या काही तासांत सुरू होते. हातपाय चालतात, पण विवेक आणि स्मरण झोपलेलेच राहतात. हिंसा घडलीच, तर ती सहसा जवळ असलेल्या किंवा अडवणाऱ्या माणसावर होते.

म्हणूनच कॅनडातील केनेथ पार्क्सचा खटला अजून चर्चिला जातो. १९८७ मध्ये तो रात्री उठून सुमारे २३ किलोमीटर गाडी चालवत सासुरवाडीला गेला, सासूला ठार मारले, सासऱ्याला जखमी केले आणि मग स्वतःच पोलीस ठाण्यात जाऊन आपण माणसे मारली असावीत असे सांगू लागला. त्याच्या हातांचे स्नायुबंध कापले गेले होते, तरी वेदनेची जाणीव दिसत नव्हती. सासूसासऱ्यांशी त्याचे संबंध चांगले होते, कुटुंबात झोपेच्या विकारांचा इतिहास होता. ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले आणि १९९२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. याउलट अमेरिकेतील ॲरिझोनात स्कॉट फलेटरने १९९७ मध्ये पत्नीवर ४४ वार केले. त्याने हातमोजे चढवले, तिला पोहण्याच्या तलावात ढकलले, कपडे बदलले आणि सुरा डब्यात घालून गाडीत ठेवला. झोपेत होतो हे त्याचे म्हणणे ज्युरीने मानले नाही. माझ्या मते असे खटले झोपेच्या यंत्रतपासणीवर फारसे ठरत नाहीत, कारण ती तपासणी प्रवृत्ती दाखवील, त्या रात्री काय झाले ते दाखवणार नाही. ठरवतो तो कृत्याआधीचा आणि नंतरचा तास.

आता कलमाकडे वळू. पार्क्सला पूर्ण मुक्तता मिळाली, ती त्याचे कृत्य ऐच्छिकच नव्हते या पायावर. इंग्लंडमध्ये १९९१ च्या बर्जेस खटल्यात मात्र अपील न्यायालयाने निद्राभ्रमण हे आंतरिक, म्हणजे बाहेरच्या आघाताने नव्हे तर आरोपीच्या स्वतःच्या विकारातून आलेले, कारण मानून आरोपीला वेडेपणाच्या चौकटीत बसवले. आपल्या संहितेत अनैच्छिक कृत्यासाठी स्वतंत्र कलम नसल्याने वकील कलम २२ कडे वळतो. जुन्या भारतीय दंड संहितेतील याच आशयाच्या कलम ८४ च्या काळात, १९५९ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयापुढे नवजात बाळासह विहिरीत उडी मारलेल्या बाळंतिणीच्या वतीने झोपेत चालत असल्याचा बचाव मांडला गेला आणि पुराव्याअभावी टिकला नाही.

तरीही आपला युक्तिवाद पोकळ नाही. १९६४ च्या दह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मनोविकलता पूर्णपणे सिद्ध झाली नाही, तरी त्याच पुराव्यामुळे गुन्हेगारी हेतूविषयी वाजवी शंका निर्माण झाल्यास आरोपी सुटतो, कारण हेतू सिद्ध करण्याचा भार शेवटी सरकार पक्षावरच असतो. आपल्याला हवा असलेला दुसरा दरवाजा हाच, आणि त्याचे महत्त्व निकालानंतर कळते. कलम २२ खाली सुटलेला माणूस घरी जातोच असे नाही. कृत्य त्यानेच केले असा निष्कर्ष न्यायालय नोंदवते आणि त्याला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा किंवा हमी घेऊन नातलगाच्या स्वाधीन करण्याचा आदेश होतो. ताबा म्हटला की मानसोपचार संस्था आली. आपल्याकडे ती बांबोळीला आहे.

तेव्हा मूट कोर्टात हेतूचा मुद्दा आधी मांडा आणि कलम २२ पर्यायी म्हणून ठेवा. आरोपी त्या रात्री दारू प्यायला होता असे प्रश्नात दिले असेल, तर नशेचे वेगळे कलम आडवे येईल, त्याचे उत्तर तयार ठेवा. साक्षीदारांत डॉक्टरांच्या आधी घरचे माणूस बोलवा, घटनेच्या कित्येक वर्षे आधीपासून त्याला झोपेत चालताना पाहिलेले. मामांच्या बाबतीत मी आजीला बोलावले असते, आणि उलटतपासणीत सरकारी वकिलाने पहिल्यांदा पायरीवर आपटलेल्या मावसभावाबद्दल विचारले असते.