जीवनाचा अर्थ प्रत्येकजण वेगळा सांगतो, मग मानायचं कुणाचं?

तुम्ही लिहिलंय की नोकरी आहे, घरचं ठीक आहे, तरी 'हे सगळं कशासाठी?' हा प्रश्न पिच्छा सोडत नाही. आणि वाचायला गेलं की बुद्ध एक सांगतात, संत दुसरं, नास्तिक तिसरं. मला वाटतं, आधी कुणाला काय छळत होतं ते बघावं.

बुद्धांसमोर दुःख होतं. जग शाश्वत की अशाश्वत, असं मालुंक्यपुत्त नावाच्या त्यांच्या शिष्याने विचारलं तर त्यांनी उत्तरच दिलं नाही. विषारी बाण लागलेला माणूस 'बाण मारणारा कोण, धनुष्य कसलं' हे कळेपर्यंत बाण काढू देणार नसेल तर तो मरेल, एवढं सांगितलं. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्याच बुद्धांचा धम्म स्वीकारला, तेव्हा प्रश्न माणूस म्हणून मानाने जगण्याचा होता. ज्याला पाणवठ्यावर पाणी भरू दिलं जात नाही, त्याला 'आत्मा अमर आहे' हे ऐकून काय मिळणार?

मला स्वतःला वारकऱ्यांचं उत्तर सगळ्यात जवळचं वाटतं. मोक्षासाठी देव भजायचा, हा हिशेब तुकोबांनी पार उलटा केला. मुक्ती नको, संतांची संगत दे आणि खुशाल पुन्हा गर्भवासाला घाल, हे त्यांचं मागणं. जगण्यातून सुटायचंच नाही, माणसांत राहायचंय! पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की रस्त्याकडेला बसून वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देणारे कारागीर दिसतात. अंगठा तुटलेली चप्पल, चार टाके, वर हातोडीचा एक ठोका, 'घ्या माऊली'. चप्पल घेणारा त्यांच्या पाया पडतो, तेही वाकून त्याच्या पाया पडतात. हे बघताना मला 'कशासाठी' असं विचारावंसंच वाटत नाही.

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल 1942 ते 1945 नाझींच्या छावण्यांत होते. आई-वडील, भाऊ, बायको, सगळे त्यात गेले. त्यांचं म्हणणं असं की जीवनाचा अर्थ आपण विचारायचा नाही. जीवनच रोज आपल्याला विचारत असतं आणि उत्तर वागण्यातून द्यायचं असतं. कधी हातातल्या कामातून, कधी कुणावरच्या मायेतून, आणि काहीच हाती नसेल तर दुःखाला सामोरं जाण्यातून. यातलं शेवटचं लोक फार सैलपणे वापरतात. टाळता येण्यासारखं दुःख सोसत बसण्यात फ्रँकलना काहीच थोर वाटत नव्हतं.

म्हणून तुम्हाला विचारतो: नेमकं काय सलतंय? कामाचा कंटाळा, एकटेपणा, की कुठे झालेला अपमान? उत्तर त्यावर ठरेल. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, तर हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न समजून रेटू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.