रिकाम्या फेऱ्याही मोज

दांडिया बाजार, वडोदरा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

सेमिनारचा मसुदा वाचला. ‘सायनॅप्स संदेश अचूक पोचवतो’ हे पहिलंच वाक्य खोड. कोणता सायनॅप्स, म्हणजे चेतापेशीचा पुढच्या पेशीशी असलेला कोणता सांधा, ते आधी सांग.

मज्जातंतू स्नायूला मिळतो तिथे चूक परवडत नाही, म्हणून तिथे उधळपट्टी चालते. एका आवेगाला, म्हणजे तंतूतून आलेल्या विजेच्या एका संदेशाला, माणसात डझनावारी पुटिका (रसायनाच्या सूक्ष्म पिशव्या) फुटतात, बेडकात शंभराच्याही वर, आणि प्रत्येकीत ॲसिटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाचे हजारो रेणू. स्नायू हलायला लागतं त्याच्या कितीतरी पट. ही शिल्लक एरवी जाणवत नाही, आजारात कळते. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात शरीराचीच प्रतिपिंडं स्नायूवरचे रिसेप्टर, म्हणजे ते रसायन टिपणारी प्रथिनं, घटवतात. मग दिवस कलताना पापण्या जड होतात, कारण सारखं काम पडलं की सुटणारं रसायनही थोडं कमी होतं आणि भरून काढायला शिल्लक उरलेली नसते.

मेंदूत मात्र उलटा कारभार. हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातल्या पुष्कळ सायनॅप्समध्ये आवेग येतो आणि काहीच सुटत नाही. सुटलीच तर बहुधा एखादी पुटिका. याला तू ‘दोष’ म्हटलं आहेस. घाई केलीस. ज्या सायनॅप्समधून दरवेळी पुटिका सुटतेच, तिथे सुटण्याची शक्यता आणखी वाढवायला जागाच नसते, आणि शिकताना कमी-जास्त होणाऱ्या गोष्टींत हीही एक असते. शिवाय पुटिका भरायला ऊर्जा लागते. एका चेतापेशीवर असे हजारो सायनॅप्स असतात. गरब्यात चारदोघांची टाळी चुकली म्हणून ताल चुकत नाही, तसंच हे. अपवादही लिही: आवाजाची दिशा ओळखणाऱ्या मार्गावरचा ‘कॅलिक्स ऑफ हेल्ड’ हा भलामोठा सायनॅप्स. त्या एका टोकात पुटिका सुटण्याच्या शेकडो जागा आहेत.

आता मुख्य काम. डेल कॅस्टिलो आणि कॅट्झ यांचं 1954 चं काम मुळातून वाच. हंसा मेहता ग्रंथालयात बसून वाच, मोबाइलवर नको. त्यांनी बेडकाच्या स्नायूभोवतीचं कॅल्शियम कमी केलं, मॅग्नेशियम वाढवलं, आणि प्रतिसाद पायऱ्यापायऱ्यांनी येऊ लागला: शून्य, एक, दोन. गंमत शून्यात आहे. शंभरांतल्या साधारण 37 फेऱ्या रिकाम्या गेल्या, म्हणजे आवेग येऊनही काही सुटलं नाही, तर दर आवेगाला सरासरी एक पुटिका सुटते, असं शक्यता मोजणाऱ्या पॉयसाँच्या सूत्रावरून निघतं. म्हणजे काही घडलं नाही त्याची नोंद ठेवूनच मोजणी झाली. तुझ्या तक्त्यात रिकाम्या फेऱ्या गाळल्या आहेत. त्या परत घाल, नाहीतर सरासरी फुगेल.

कॅल्शियमवर तू एकच ओळ लिहिली आहेस, तिथे पानभर हवं. 1967 मध्ये डॉज आणि रहमिमॉफ यांनी बेडकातच दाखवलं की कॅल्शियम कमी असताना सुटणारं प्रमाण जवळपास त्याच्या चौथ्या घातानं बदलतं. कॅल्शियम निम्मं, तर प्रतिसाद सोळावा हिस्सा. कॅल्शियम आत येण्याचं दार उघडताच पुटिका धडाधड सुटणं आणि बंद होताच लगेच थांबणं, यामागे हा तीव्र उतार मोठा आहे. कॅल्शियम ओळखणारं प्रथिन सिनॅप्टोटॅग्मिन आणि पुटिकांवरच्या कामाचं 2013 चं नोबेल एका परिच्छेदात उरक.

गुरुवारी संध्याकाळी ये. आलेख हातानं काढलेला आण, आणि दोन्ही अक्षांवर एककं लिही.

तुझे सर