बीफचा खिमा चवदार आणि तब्येतीला बरा व्हावा म्हणून कोणते मसाले घालावेत?

या प्रश्नावरून आमच्या घरात सहा वर्षांपूर्वी भांडण झालंय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

थोरल्या भावाचं कोलेस्टेरॉल जास्त निघालं. डॉक्टरांनी चरबी आणि मीठ कमी करायला सांगितलं. दादाने घरी येऊन जाहीर केलं, आजपासून मसाले बंद! चरबीचा आणि मसाल्याचा संबंध काय, असं विचारायची सोय नव्हती. त्या दिवशी खिमाही त्यानेच केला. अर्धा किलो खिमा थेट पातेल्यात, वर तांब्याभर पाणी, आणि वीस मिनिटं रटरट उकळला. झाकण काढलं तर राखाडी गोळे, फेसाचा थर आणि भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास. पहिला घास घेऊन तो जरा वेळ भिंतीकडे बघत बसला. मग मीठ घेतलं. मग सॉस. मग परत मीठ. ताट संपेपर्यंत मिठाची बरणी तीनदा उघडली. मी मोजत होतो.

मसाला नसला की जीभ मीठ मागते, आणि माझ्या मते मसाल्याचा तब्येतीला खरा उपयोग एवढाच आहे. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जेमतेम सपाट चमचाभर. दादाने त्यातलं बरंचसं एका बैठकीत संपवलं असणार. तयार मसाल्याच्या पाकिटातही बऱ्याचदा मीठ असतं, मागची बाजू वाचा. हळदीने अमुक रोग जातो वगैरे मला सांगू नका. 2010 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग मात्र झाला होता. लवंग, दालचिनी, मिरी, आलं असं मिश्रण घालून बीफचा बर्गर शिजवला, तर चरबी खराब होताना तयार होणारा मॅलोनडायल्डिहाइड नावाचा पदार्थ बराच कमी भरला. खाणारी माणसं अकराच, तेव्हा फार नाचू नये.

पुढच्या आठवड्यात मी केला. खिमा कागदाने टिपून कोरडा केला, तवा चांगला तापवला आणि दोन खेपांत पातळ पसरला. पसरल्यावर तीन मिनिटं हात लावायचा नाही. गर्दी केली की पाणी सुटतं, पाणी असेपर्यंत तापमान 100 अंशांच्या वर सरकत नाही, आणि खरपूस व्हायला 140 च्या आसपास तरी लागतं. खालची बाजू तपकिरी होऊन आपोआप सुटली की मगच उलटायचा. मग तवा तिरका करून चरबी काढली, दोन चमचे ठेवली. तेवढी लागतेच, कारण मसाल्याचा वास बहुतेक स्निग्धात उतरतो, पाण्यात नाही. त्यात आलं-लसूण, दोन चमचे धणे आणि एक चमचा जिरे भाजून कुटलेले, अर्धा चमचा मिरपूड, तीन लवंगा, पेरभर दालचिनी, चिमूटभर हळद. मंद आचेवर अर्धा मिनिट, बस. जिरं करपलं तर टाकून द्या, त्या कडूपणाला औषध नाही. मीठ नेहमीच्या निम्मं.

दादाने दोनदा वाढून घेतलं आणि म्हणाला, "बघ, मसाला कमी घातलास की कसं छान लागतं!"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. तेव्हा बोलायला हवं होतं.

राहिलेलं सांगतो. मसाला कितीही घाला, बीफ लाल मांसातच मोडतं, म्हणून बेतानेच. शिजवलेलं 350 ते 500 ग्रॅम आठवड्याला पुरे. खिमा आतून 71 अंशांपर्यंत शिजलाच पाहिजे, कारण दळताना वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. खिमा पुरता शिजण्याआधीच तपकिरी दिसू शकतो, म्हणून रंगावर जाऊ नका, थर्मामीटर वापरा. उरलेला दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये.

आणि पित्ताचा त्रास असेल तर मिरी, मिरची बेतानेच. दादाला पित्त आहे, हे मान्य. पण त्या दिवशी तो पित्ताबद्दल बोलत नव्हता, कोलेस्टेरॉलबद्दल बोलत होता.